बाजाराच्या दिवशीचं पाणी

मी संगमनेरला कॉलेजात गणित शिकवतो, हे आता आमच्या काष्टीत बोलायची सोय राहिली नाही. आमची आणि चुलत्यांची विहीर सामाईक. वडील रोज दोरी सोडून पाणी मोजतात. गेल्या बाजाराच्या दिवशी तेवढं मोजायचं राहिलं आणि नेमकी त्याच दिवशी चुलत्यांनी पाळी नसताना मोटर चालवली, असा वडिलांना संशय.

मी म्हणालो, “महिन्याच्या सगळ्या मापांतून बहुपदीचा आलेख काढतो. राहिलेला दिवस आपोआप कळेल.”

आलेख प्रत्येक मापातून बिनचूक गेला. फक्त बाजाराच्या दिवशी पाणी कठड्याच्या चार फूट वर निघालं.

चुलते वडिलांना म्हणाले, “बघ दादा, मी पानी चोरलं न्हाई, उलट वतलं! तुझंच पोरगं सांगतंय. आता माझं वतलेलं तरी मला काढू दे!”