मिठाआधी तेल

हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पडायच्या आधी गाडीच्या पोटाला गंज धरू न देणारं तेल मारून घ्यायला अख्खं शिकुटिमी गाव गॅरेजात लोटतं. मी जपमाळ ओढत नंबराची वाट पाहत होते. गॅरेजवाल्याने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं,

"तेलेस्फोर काका, मारायचं ना तेल?"

"मार."

"थांब रे!" त्याची बायको मधे पडली. "अहो, नव्या कोऱ्या गाडीला आत्तापासून कशाला तेल?"

"युगेट, मिठाने खाल्ली की मग मारू का?"

"फादरांनी पवित्र पाणी शिंपडलंय की तिच्यावर."

"पाणीच ते. त्यानेही गंजच धरतो."

"शांतं पापम्! आणि ते तेल माझ्या अंगणात आठवडाभर ठिबकणार."

"म्हणून तर इथून निघालं की कच्च्या रस्त्याने फिरवायची. धूळ चिकटली की तेल जागचं हलत नाही."

"म्हणजे नवी गाडी आधी तेलात बुडवायची, मग धुळीत लोळवायची!"

"सगळे तेच करतात. पंधरा वर्षं टिकते गाडी."

"गाडी टिकेल हो. तुम्ही टिकणार आहात का?"

"नाही."

"मग चालवणार कोण?"

"तू."

"मी? जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावू दिलात?"

"आज लाव. त्या कच्च्या रस्त्यावर धडकायला फक्त गाई आहेत."

युगेट पर्स सावरत उठली.

"ए बाळा, मार तेल. उरलंच, तर ह्यांच्या गुडघ्यांनाही मार. गाडी शिकवायला माणूस नको का मला?"