ओल्या केसांची हजेरी

स्वीडनमधल्या उमेओ शहरात बसथांब्यावर माझ्यापुढे व्यायामशिक्षक होल्मक्विस्ट आणि टोर्केल नावाच्या विद्यार्थ्याची आई उभे होते.

"टोर्केलची काळजी सोडा, बाई. खेळानंतर सर्वांत आधी न्हाऊन तोच बाहेर येतो."

"न्हाऊन? सर, घरी येतो तो घामानं आंबलेला!"

"छे! दारात मी स्वतः प्रत्येकाचे ओले केस तपासतो."

"केस तो बेसिनच्या नळाखाली धरतो. आत पोरं उघड्या अंगाचे फोटो काढतात ना."

"अशक्य! फोन माझ्या टोपलीत असतात. जिंकलेल्या गटाला तेवढे आधी परत देतो. त्यापायीच तर पोरं जीव तोडून खेळतात."

"आणि ते फोन घेऊन कुठे जातात, सर?"

"…न्हाणीघरात."

"बस आली, सर. चढा."

"तुम्ही व्हा पुढे. टोपली आज माझ्या सहकाऱ्याकडे आहे. नववीचा सामना संपतच आला असेल."

होल्मक्विस्ट शाळेच्या दिशेने धावत सुटले.