भेटीचं कारण

चैताली : जयरामकाका, सही करा ना ह्या रिपोर्टवर. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा विचारून गेले.

जयराम : आधी मराठीत वाचून दाखवा. इंग्रजीत हाय.

चैताली : "काल सकाळी गेटवर वॉचमन आणि पाहुण्यांमध्ये क्लॅश झाला."

जयराम : क्लॅश म्हंजे?

चैताली : दोघांची जुंपली.

जयराम : जुंपली? ताई, त्या माणसानं माझ्या कानफटात मारली! मी वही पुढं केली, नाव लिहा म्हणालो. एवढंच!

चैताली : बरं, 'अल्टरकेशन' करते. जरा सौम्य आहे.

जयराम : त्याचा अर्थ?

चैताली : शब्दाला शब्द लागला.

जयराम : मी शब्द काढलाच नाय. खाली पडलेली टोपी उचलत व्हतो.

चैताली : मग 'कन्फ्रंटेशन'. आमनेसामने आले.

जयराम : कसलं आमनेसामने! गाडीतून उतरून तो आला. मी माझ्या जागेवर व्हतो. एवढं इंग्रजी शिकला तुम्ही, मारलं ह्याला शब्द नाय का त्यात?

चैताली : आहे. 'असॉल्ट'. पण ते पाहुणे सेक्रेटरींचे मेहुणे आहेत, काका. तो शब्द सेक्रेटरी लिहू देतील?

जयराम : तुम्ही हापिसाच्या खिडकीत व्हत्या. बघितलं ना सगळं?

चैताली : मलाही नोकरी टिकवायची आहे.

जयराम : आन मला नाय? ह्यावर सही केली का एजन्सी म्हणणार, भांडखोर हाय, काढा. अकरा वर्षं ह्या गेटवर काढली. गावाला, हरसूलला काय सांगू, गंगापूर रोडला मारामारी करून आलो?

चैताली : पण पुरावा काय तुमच्याकडं? कॅमेरा बंद होता म्हणतात.

जयराम : कॅमेरा बंद व्हता, मी नव्हतो. ही गेटची वही घ्या. कालचं पान वाचा. मराठीत हाय.

चैताली : "नऊ चाळीस. पांढरी गाडी. नाव : सांगितले नाही. कोणाला भेटायचे : वॉचमन. भेटीचे कारण : कानफटात मारणे."... काका, हे कधी लिहिलंत?

जयराम : लगेच. आत येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करायची. तुमच्याच सोसायटीचा नियम हाय.

(चैताली टाईप केलेला कागद दुमडून बाजूला ठेवते.)

चैताली : वहीत सहीचा रकाना मोकळा आहे.

जयराम : त्यानं केली नाय.

चैताली : पेन द्या, काका. मी बघितलंय.