विटेसारखा जाड लॅपटॉप

फिजीतल्या सुवा शहरातल्या एका दुकानात लितिया प्रिंटरची शाई घ्यायला रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारा आणि त्याची मुलगी लॅपटॉप निवडत होते.

"बाबा, हा चंदेरी बघा. उघडला की गिऱ्हाइकावर छाप पडेल."

"केवढ्याला?"

"बत्तीसशे डॉलर."

"आणि तो काळा?"

"एकोणीसशे. तीन वर्षांची हमी आहे, बॅटरी दिवसभर टिकते. पण विटेसारखा जाड आहे हो."

"मग तोच घे."

"पैशांची काळजी नको, माझे साठलेत."

"पैशांचं नाही, पोरी. मागचा लॅपटॉप कुठं गेला?"

"सिवोदादाकडे. त्यानं केरेकेरे केलं, हक्कानं मागितला, आणि तुम्हीच म्हणालात, आपल्या माणसानं मागितलं की नाही म्हणायचं नसतं."

"नसतंच. म्हणून कुणाला मागावासाच वाटू नये, असा घ्यायचा."

"अहो, पण आता मी लंबासाला राहायला जाणार, तिथं मला मागणार कोण? हिशेबाचं ऑफिस माझं, खोली माझी. सिवोदादा काय रात्रभर बोटीत बसून येणार?"

"खरंय. तिथं आपलं कुणीच नाही. घे मग चंदेरी."

"बाबा, असा चेहरा नका करू."

"जायच्या आधी मीच एक केरेकेरे करू?"

"तुम्हाला कशाला हवाय लॅपटॉप?"

"लॅपटॉप नको. नाताळला घरी यायचं. दर वर्षी."

मुलीनं चंदेरी लॅपटॉप हळूच मिटला.

"बघ हं, नाही म्हणायचं नसतं."

"काळाच द्या," ती दुकानदाराला म्हणाली. "उरलेल्या पैशांत पुष्कळ नाताळांची बोटीची तिकिटं निघतील."