सळईवरची गाठ

(पारनेरच्या एका शाळेचं मैदान. नागापूरच्या वर्कशॉपमधून टेम्पो घेऊन आलेले कानिफनाथ आणि या शाळेत विज्ञान शिकवणारी त्यांची मुलगी सृष्टी, नव्या सूर्यघड्याळापाशी.)

सृष्टी : मी इथं कशी, ते राहू द्या आप्पा. आधी सांगा, सळईवरची गोळी कुठंय?

कानिफनाथ : ती गाठ व्हय? वर्कशॉपातल्या पोरांनी वेल्डिंग खराब केलं वाटलं. मीच घासून काढली. बघ कशी गुळगुळीत झालीय!

सृष्टी : अहो, तीच तर हवी होती!

कानिफनाथ : गाठ कुनाला हवी असती?

सृष्टी : सूर्यघड्याळाला. तिला ‘नोडस’ म्हणतात. लॅटिन शब्द आहे, अर्थ गाठच. सळईची सावली वेळ सांगते, गाठीची सावली तारीख. आज दिवस-रात्र सारखी, म्हणून ती दिवसभर या सरळ रेघेवरून चालणार. आत्ता सगळी शाळा बघायला येईल.

कानिफनाथ : आता गं! मला वाटलं ऑर्डर हेडमास्तरांची. तुजी हाय म्हाईत असतं तर...

सृष्टी : तर घेतलीच नसती. म्हणून त्यांना फोन करायला लावला.

कानिफनाथ : लई शानी झालीस.

सृष्टी : मग काय करू? कोर्टात लग्न केल्यापासून माझा एक फोन उचललात?

कानिफनाथ : ...टेम्पोत वेल्डिंगचं मशीन हाय. बेरिंगचा छर्रा बी घावंल. कुठं लावू?

सृष्टी : या खुणेवर.

कानिफनाथ : डोळे झाक. बोटांच्या फटीतनं बघू नको.

सृष्टी : नाही बघत.

कानिफनाथ : बघतीस. ...झालं. हात लावू नको, तापलंय. कुठं पडली सावली?

सृष्टी : रेघेवर! आप्पा, बरोब्बर रेघेवर!

कानिफनाथ : आयला, सरकती की गं.

सृष्टी : संध्याकाळपर्यंत रेघ सोडणार नाही. थांबताय?

कानिफनाथ : गिऱ्हाइकं खोळंबलीत.

सृष्टी : बरं.

कानिफनाथ : ...तुजा नवरा कुठं असतो?

सृष्टी : बिभीषण? आज सुट्टी आहे त्याला. घरी मासवड्या करतोय.

कानिफनाथ : बाप्या मानूस? मासवड्या?

सृष्टी : माझ्यापेक्षा चांगल्या करतो.

कानिफनाथ : सारण भरून वळताना फुटत न्हाईत?

सृष्टी : एकही नाही.

कानिफनाथ : हं. पोरांचं बघून होऊ दे. मग टेम्पोत म्होरं बस. मला तुज्या घराचा रस्ता म्हाईत न्हाई.