डावीकडून आवाज नाही

नाही, तुम्हीच सांगा, हेडफोनची पिन माणसाने किती वेळा काढायची आणि किती वेळा खुपसायची? वीस वेळा? तीस वेळा? ढिलं झालं हो लॅपटॉपचं भोक! पण डावीकडून आवाज नाही म्हणजे नाही. उजवीकडून सगळं ठणठणीत... गोळ्या, स्फोट, पावलं. डावीकडे सामसूम. आणि ज्याला सांगावं तो हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवतो, मान हलवतो आणि म्हणतो, "मला तर येतोय!"

आता तुम्ही म्हणाल, चव्वेचाळीस वर्षांचा घोडा, पुण्यात खराडीला बरी नोकरी आहे, याला गेम कशाला हवाय? तुम्हाला सांगतो. माझी मुलगी सुरुची तेरा वर्षांची आहे. तेरा वर्षांची मुलगी बापाशी दिवसातून किती बोलते? "हं." "नको." "दार लाव." संपलं! फक्त संध्याकाळी आठ ते नऊ आम्ही दोघं सोफ्यावर बसून हा गेम खेळतो, ती माझ्या उजवीकडे, आणि दोन डावांच्या मध्ये हेडफोन मानेवर टाकून ती बोलते. शाळेतलं, मैत्रिणींचं, आईला न सांगितलेलं... सगळं! त्या एका तासावर माझे उरलेले तेवीस चालतात हो. आणि या गेममध्ये शत्रू आधी दिसत नाही, ऐकू येतो. पावलं वाजली की त्या बाजूला वळायचं. मी वळतच नाही! तो डावीकडून येतो, आधी मला मारतो, मग तिला मारतो. रोज! शेवटी शुक्रवारी म्हणाली, "बाबा, मी सोमवारपासून सोनूबरोबर खेळू? ती निदान मरत नाही."

म्हणजे मुदत किती? दोन दिवस!

ऑफिसातल्या पियुषला फोन केला. म्हणाला, "सर, रीस्टार्ट मारा." मारला. "सर, ड्रायव्हर अपडेट करा." केला. "सर, गेम उडवून परत टाका." टाकला, तीन तास लागले. मग स्वतःच्या घरी तोच गेम लावून बघितला आणि काय म्हणाला असेल? "सर, मला तर येतोय!" टिळक रोडच्या दुकानात गेलो. मालकांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, अर्धं मिनिट तसेच. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "उत्तम आहे. वापरणाऱ्याचं काय ते बघा." म्हटलं, अहो, डावीकडून येत नाही. "मला तर येतोय. पुढचं गिऱ्हाईक?"

बरं, रागावू कुणावर? मी स्वतः नोकरीत तेच करतो! अठरा वर्षं गिऱ्हाइकांना फोनवर सांगतोय, आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय.

मग मी डोकं चालवलं. हेडफोन उलटा घातला. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. आणि काय सांगू... आता डावीकडचा आवाज आला आणि उजवीकडचा गेला! म्हटलं, सापडली चोरी! एकाच हेडफोनच्या दोन्ही बाजू आळीपाळीने बंद पडतात! जाऊन नम्रताला, म्हणजे बायकोला, अभिमानाने सांगितलं. ती भाजी निवडत होती. थांबली. जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, "पुष्कर, एकदा कान दाखवून ये."

कान? माझा कान? अहो, चौदा वर्षं ढोल वाजवतोय मी पथकात! गणपतीच्या दोन महिने आधीपासून रोज नदीपात्रात सराव, आणि माझ्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर, रविराजचा ताशा. तो ताशा सहन केलेला कान आहे हा! नम्रता दर वर्षी म्हणायची, कापूस घाल. कापूस घालून ढोल वाजवायचा? मग घरीच बसतो की शाल पांघरून!

गेलो कानाच्या डॉक्टरांकडे, नम्रताला घेऊन. सुरुची म्हणाली मी पण येते. तपासणीची एवढीशी खोली, नम्रता बाहेर, मी खुर्चीवर, सुरुची शेजारी स्टुलावर. तिथल्या बाईंनी मला हेडफोन घातला. परत हेडफोन! म्हणाल्या, आवाज आला की बटण दाबा. उजवीकडे टिंग, दाबलं. टिंग, दाबलं. मग बाई म्हणाल्या, आता डावीकडे. मी बसलो वाट बघत. बसलो... बसलो... म्हटलं, यांचंही मशीन बिघडलेलं दिसतंय. बाई बटण फिरवताहेत, फिरवताहेत. आणि सुरुचीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी उजवा कान मोकळा केला. ती हळूच म्हणाली, "बाबा... मला तर येतोय."

बाहेर येत होता हो तो आवाज. स्टुलापर्यंत.

डॉक्टर म्हणाले, आतली नस गेली आहे, परत येणार नाही. ढोल बंद करा, नाहीतर उजवाही जाईल. किती दिवस झाले, म्हणाले. मी सांगायच्या आधी नम्रताच म्हणाली, "दोन वर्षं तरी." गाडीत ती माझ्या डावीकडे बसते ना! दोन वर्षं तिला वाटत होतं, हा मुद्दाम उत्तर देत नाही. आणि मला वाटत होतं, आमची भांडणं मिटली!

आणि गेम? गेममध्ये काही बिघाड नव्हताच. सुरुचीने सेटिंगच्या पार तळाशी एक बटण शोधून काढलं, 'मोनो'. दोन्हीकडचा आवाज एकाच कानात. आता मला सगळं ऐकू येतं, फक्त कुठून येतं ते कळत नाही. मी आजही मरतो. पण ती सोमवारी सोनूकडे गेली नाही. म्हणाली, "बाबा, डावी बाजू माझी. तू फक्त उजवीकडे बघ."

आणि तेव्हापासून पोरगी सोफ्यावरही माझ्या डावीकडेच बसते. डावी बाजू सांभाळायची म्हणून! हेडफोन मानेवर टाकते आणि बोलते... बोलतच असते... हातवारे काय, हसणं काय. उजव्या कानात पंख्याची घरघर तेवढी, तिचं एक अक्षर ऐकू येत नाही मला. आता सांगू कसं तिला, ऊठ, पलीकडे बस म्हणून? मध्येच थांबते, माझ्या तोंडाकडे बघते, ओठांवरून कळतं, विचारतेय, आवाज येतोय ना?

मी म्हणतो, "हो तर. मला तर येतोय."