कारण अज्ञात

समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या शाखाप्रमुख बाई, मुख्यालयातून वेळात वेळ काढून आलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी आज आपण खुर्च्या हलवून ही खोली मोकळी केली ते निवृत्त होणारे आमचे गृहकर्ज विभागाचे साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, आणि समोर बसलेल्या सर्व सहकाऱ्यांनो,

मी या शाखेत घरांची तांत्रिक तपासणी करते. म्हणजे कर्ज मंजूर होण्याआधी घर मोजते, भिंती बघते, अहवाल लिहिते. बोलणं हा माझा विषय नाही. तरीही आज बोलायला मीच उभी राहिले, याचं आश्चर्य तुमच्यापेक्षा मला जास्त वाटतंय.

साहेबांच्या कामाची पद्धत आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ते फाइल शेवटच्या पानापासून वाचतात, तेही उभं राहून. मी नवीन असताना कारण विचारलं होतं. म्हणाले, "पहिली पानं माणूस जपून लिहितो. शेवटच्या पानापर्यंत तो थकलेला असतो. खरं तिथे सापडतं." मला तेव्हा ते शास्त्रशुद्ध वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी माझीच फाइल त्यांच्या हातात गेली आणि मत बदलावं लागलं.

आम्ही, म्हणजे आई आणि मी, चोवीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आई पुढच्या खोलीत कपडे शिवते. गल्लीतल्या प्रत्येक खांद्याचं माप तिच्याकडे आहे. एका सकाळी घरमालक आले आणि म्हणाले, "मुलीकडे कायमचा जातोय. घर विकायचंय. एकजण रोख द्यायला तयार आहे. पण पहिला हक्क तुमचा. अकरा दिवसांत जमवा. त्यापुढे मला थांबता येणार नाही." घर गेलं असतं तर आईचं शिलाई मशीन कुठेही मांडता आलं असतं. पण गल्ली कुठून आणणार?

मी तीन दिवसांत सगळे कागद गोळा करून अर्ज दिला. घर माझं, म्हणून तपासणी दुसऱ्या शाखेतला सहकारी करणार, हा नियमच आहे. पण हाताला सवय लागलेली असते. रविवारी मी लेसरचं यंत्र घरी आणलं आणि दोन्ही खोल्या मोजल्या. कोणी सांगितलं नव्हतं. नकाशा काढून शेवटच्या पानाला जोडला आणि खाली टीप लिहिली: "नोंदीपेक्षा प्रत्यक्ष क्षेत्रफळ ०.९ चौरस मीटरने कमी. कारण अज्ञात."

आमच्या वकीलबाई समोरच बसल्या आहेत आणि आत्तापासूनच हसत आहेत. त्यांनी ती टीप वाचली आणि जे करायला हवं तेच केलं. फाइल थांबवली. मूळ बांधकामाच्या नकाशाची प्रत मागवा, म्हणाल्या. ती मिळायला तीन आठवडे लागतात. माझ्याकडे सहा दिवस उरले होते.

मी काय केलं? काहीही नाही. जागेवर बसून दुसऱ्यांच्या घरांचे अहवाल लिहीत राहिले. चहाच्या वेळी साहेबांसमोर चहाही प्यायले.

संध्याकाळी त्यांनी बोलावलं. फाइल शेवटच्या पानावर उघडी होती.

"ही व्यवहाराच्या मुदतीची तारीख खरी आहे?"

"हो."

"म्हणजे सहा दिवस. आणि तुम्ही रोज माझ्यासमोर बसून हवामानावर बोलता?"

"ओळखीचा फायदा घ्यायचा नव्हता, साहेब."

"नियम मोडा म्हणालात, तर तो ओळखीचा फायदा. अडचण सांगितलीत, तर ती माहिती. येणारा प्रत्येक अनोळखी माणूस मला त्याची अडचण सांगतो. तुम्ही त्याच्याहून लांबच्या का?"

मग त्यांनी टिपेवर बोट ठेवलं. "चोवीस वर्षं ज्या घरात राहिलात, तिथे कारण अज्ञात? घरात विचारलंत कोणाला?"

मी म्हटलं, "घरात फक्त आई असते."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं मोजमाप मला अजून जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीला सहकारी आला. सोबत साहेब. आईनं विचारलं, "तुम्हीपण मोजायला आलात?"

"मोजायला हे आलेत, वहिनी. मी विचारायला आलोय. या घरात पूर्वी होतं आणि आता नाही, असं काय आहे?"

आई क्षणभरही थांबली नाही. "हिची बडबड. लहानपणी हिला गप्प बस म्हणून सांगावं लागायचं."

सहकाऱ्यानं यंत्रात डोकं खुपसलं. तो हसत होता, हे मला पाठीवरून कळत होतं.

"आणि दुसरं म्हणजे ते भिंतीतलं कपाट," आई म्हणाली. "वाळवी लागली म्हणून मालकांनी सुताराकडून फळ्या ठोकून घेतल्या आणि वरून रंग फासला. ही तेव्हा तीन वर्षांची."

मी म्हटलं, "आई, तू बोलली नाहीस!"

"तू विचारलंस कधी? रविवारी ते यंत्र घेऊन भिंतींवर लाल टिपके पाडत होतीस. मी म्हटलं, बाई गं, चहा घे. तर म्हणतेस, मधे येऊ नकोस, आकडा हलेल!"

घरमालकांना बोलावलं. जिथे आईचे शिवून झालेले कपडे टांगलेले असतात, तिथे सहकाऱ्यानं टकटक केलं. पोकळ. मालकांनी स्वतः दोन फळ्या उचकटल्या, आत हात घातला आणि ओरडले, "अरे, ही माझी हातोडी! हिच्यापायी मी सुताराला चोर म्हणालो. चोवीस वर्षं तोंड बघितलं नाही त्याचं!"

आई म्हणाली, "मग आता जा आणि दाखवा तोंड."

कपाट दीड मीटर लांब, साठ सेंटिमीटर खोल. शून्य पूर्णांक नऊ. इतकं बरोबर उत्तर मला परीक्षेतही कधी आलं नव्हतं. सहकाऱ्यानं ते अहवालात लिहिलं आणि वकीलबाईंनी जुन्या नकाशाची अट मागे घेतली.

त्यानंतर साहेबांनी जे केलं ते मला नोंदवायचं आहे. एकही सही वगळली नाही, एकही तपासणी कमी केली नाही. फक्त फाइल कुठल्याच टेबलावर पडू दिली नाही. स्वतः घेऊन जायचे आणि समोरचा वाचेपर्यंत उभे राहायचे. वकीलबाई म्हणाल्यासुद्धा, "साहेब, बसा हो. तुम्ही उभे राहिलात की मला धाप लागते." नवव्या दिवशी कर्ज मंजूर झालं.

अकराव्या दिवशी दुपारी आम्ही नोंदणी कार्यालयात होतो. खिडकीपलीकडच्या लिपिकानं मान वर न करता विचारलं, "घराचे मालक कोण? पुढे या." पैसे पोचले होते, विकणाऱ्याच्या सह्या झाल्या होत्या, आता आमचीच पाळी होती. पण आईनं सवयीनं घरमालकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "वहिनी, माझ्याकडे काय बघता?"

आई म्हणाली, "चोवीस वर्षं मालक म्हटलं की तुमच्याकडेच बघतेय. मानेला वळण पडलंय हो."

त्यांनी तिच्यासाठी वाट सोडली. ती पुढे झाली, पदरानं बोटं पुसली आणि सही केली. सावकाश, एकेक अक्षर, टीप घालावी तसं. मग लिपिकाला म्हणाली, "मीच."

साहेब, तुमच्यामुळे असं "मीच" म्हणणारी किती माणसं या शहरात राहत असतील, याचा आकडा माझ्याकडे नाही. तो काढायची पद्धतही मला माहीत नाही. पण आमच्या घरातला आकडा दोन आहे, आणि तो मी तपासलेला आहे.

काकू, आजपासून साहेब घरी असतील. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचतील, तेही उभं राहून. आमचा इलाज चालला नाही, तुम्ही बघा.

अध्यक्षबाईंनी मला पाच मिनिटं दिली होती, मी त्याहून जास्त घेतली. त्याबद्दल त्यांचे आणि शांतपणे ऐकल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द अधिकउणा झाला असेल, तर पोटात घाला. आणि कारण विचाराल, तर या वेळी ते मला माहीत आहे: मला आनंद झालेला आहे.